पाखराले पेन्सिल नाही

कामावरच्या पहिल्याच दिवशी भाऊंनी माझ्यासमोर एका मेलेल्या माणसाचा फोटो ठेवला आणि म्हणाले, "बाई, याचे डोळे उघडा."

मी तेव्हा जेमतेम विशीची. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा पास झालेली. बाप अकोल्यातल्या एका जिनिंगमध्ये सरकी उचलायचा. छप्पन सालानंतर आमच्या घरातले जुने देव गेले होते आणि पोरींनी शिकून टेबलखुर्चीवर बसायचं काम करावं, हे घरात आलं होतं. टेबलखुर्ची मिळाली. टेबलावर हा मयत.

मी भाऊंकडे बघत राहिले. ते म्हणाले, "कावून? घाबरल्या? थो काई उठत नाई आता."

बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. त्या काळी आमच्याकडे पुष्कळ माणसं जन्मभर एकही फोटो न काढता मरायची. मग घरच्यांना आठवण व्हायची. फोटोवाल्याला बोलावणं जायचं. मयताला खुर्चीत बसवायचं, मागून कुणीतरी चादरीआडून धरायचं, डोक्यावर फेटा ठेवायचा आणि फोटो घ्यायचा. पण मिटलेल्या डोळ्यांचा फोटो भिंतीवर कोण लावणार? म्हणून स्टुडिओत डोळे उघडून मिळत. प्रिंटवर अगदी बारीक ब्रशनं बुबुळं काढायची, पापण्यांची रेघ वर सरकवायची आणि शेवटी चाकूच्या टोकानं कागद जरासा खरवडून प्रत्येक बुबुळात चमकेचा एक ठिपका ठेवायचा. तो ठिपका पडला की माणूस बघायला लागायचा. मला हे काम आठवडाभरात जमलं. गावातल्या कित्येक सोवळ्या घरांच्या बैठकीत जे आजोबा जरबेनं बघत असतात, त्यांची नजर माझ्या हातची आहे. त्या घरांना ते माहीत नाही आणि मीही कधी सांगायला गेले नाही.

भाऊ म्हणजे माझे मालक. सगळं गाव त्यांना भाऊच म्हणायचं, मीही तेच म्हणायची. घराणं वकिलांचं. थोरले दोघे भाऊ काळा कोट घालून कोर्टात जात आणि हे खाकी अर्धी चड्डी घालून स्टुडिओत बसत. लग्न केलं नाही. शर्ट चहाच्या चोथ्याच्या पाण्यात बुडवून मातकट करून घेत, कारण पांढरं कापड पाखरांना लांबून दिसतं. एकदा एका मोठ्या व्यापाऱ्याच्या घरच्या लग्नाचा ग्रुप फोटो चालला होता. सगळं वऱ्हाड खुर्च्यांवर, बाकांवर, जमिनीवर रचून झालं होतं. भाऊ कॅमेऱ्याच्या काळ्या कपड्यात डोकं घालून होते. बाहेर कडुनिंबावर कुठलंतरी पाखरू बोललं. भाऊंनी डोकं बाहेर काढलं, कान टवकारला आणि दारातून निघून गेले. मला वाटलं, आत्ता येतील. नवरदेवाच्या मुंडावळ्या घामानं चिकटल्या, पोरं रडायला लागली, विहिणीनं मला विचारलं, "व बाई, या मानसाले फिट येते का?" भाऊ परत आले तेव्हा अर्धं वऱ्हाड उठून जेवायला गेलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "बसा परत. लग्न काई उडून जात नाई."

माणसांच्या फोटोत भाऊ काहीही करायला तयार असत. स्थळासाठी पाठवायचा मुलीचा फोटो असला की निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं गालभर बारीक टिंबं द्यायची; निगेटिव्हवर जिथं पेन्सिल लागते तिथं छापताना उजळ येतं. सावळी पोर गोरी होऊन जायची. देवीचे व्रण बुजायचे, टक्कल भरायचं, मेलेला नवरा जिवंत बायकोशेजारी उभा राहायचा. मी एकदा विचारलं, "भाऊ, पोरगी पायली की नवरदेवाले समजणारच नं?"

"समजू द्या. थो बी फोटोत उंच दिसते."

पण पाखरांच्या फोटोला पेन्सिल लावायची नाही. ब्रश नाही, चाकू नाही, काही नाही. हा नियम मला पहिल्या महिन्यात फार महागात कळला. एका कोतवाल पक्ष्याचा फोटो वाळत टांगलेला होता. तारेवर बसलेला काळा कुळकुळीत पक्षी, पण दुभंगलेल्या शेपटीचं एक पीस अर्ध्यात संपलेलं. मला वाटलं, निगेटिव्हवर ओरखडा असेल. हातात शाईचा ब्रश होताच. मी ते पीस नीट पूर्ण केलं आणि शाबासकीची वाट बघत बसले. भाऊंनी फोटो हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि फाडला. उभा, मग आडवा.

"थे पीस तुटलेलंच होतं, बाई," ते म्हणाले. "घारीनं तोडलं का आणखी कोनं, मले मालूम नाई. पन त्या शेपटीवर थो अख्खा हिवाया उडला. अन् तुमी इथं खुर्चीत बसून थे जोडून देल्लं."

मी घरी जाऊन आईला म्हणाले, माणूस वेडा आहे. आई म्हणाली, "पगार देते का वेळेवर?" देत होते. मी दुसऱ्या दिवशी गेले.

शाळा तपासणारे एक साहेब एकदा शाळांसाठी पाखरांचे फोटो विकत घ्यायला आले. त्यांना पिंगळ्याचा फोटो फार आवडला. फक्त ढोलीखाली जी पांढरी घाण ओघळली होती ती तेवढी काढून द्या, म्हणाले. भाऊ म्हणाले, "थे त्या पिंगळ्याचं हाय, साहेब. तुमचं असतं तर पुसून देल्लं असतं." साहेब उठून गेले, ते पुन्हा आमच्या रस्त्यानंही दिसले नाहीत.

एकच मोकळीक भाऊंनी स्वतःला दिली होती, ती उजेडाची. अंधाऱ्या खोलीत मोठा फोटो छापताना ते दोन्ही तळहात दिव्याखाली धरून असे फिरवायचे की जणू शेगडीवर हात शेकतायत. जिथं पांढरं पीस कोरं पडत असेल तिथं उजेड जास्त वेळ पडू द्यायचा, म्हणजे पिसाची काडी न् काडी उमटते. बाकीचा भाग हातानं झाकायचा. मी म्हटलं, हे खोटं नाही का? ते म्हणाले, "उजेड कमीजास्त तं आभाळ बी करते. आभाळ रेघ मारत नाई." एका फोटोसाठी ते कागदांचं अख्खं पाकीट वाया घालवत. माझा जीव वर-खाली व्हायचा.

एवढ्या वर्षांत त्यांना एक पाखरू मिळालं नव्हतं. स्वर्गीय नर्तक. नर दुधासारखा पांढरा, डोकं काळं, तुरा काळा आणि शेपटीच्या दोन पिसांच्या हातभर लांब फिती. मादी तांबूस, साधी, फिती नसलेली. उन्हाळ्यात अकोटच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या नाल्यांत ही जोडी घरटं करते, पण अशा गच्च सावलीत की आमच्या कॅमेऱ्यातल्या, उजेड सावकाश टिपणाऱ्या काचेच्या प्लेटवर नर म्हणजे नुसता पुसट डाग यायचा. भाऊंकडे असे डाग डबाभर होते. तो डबा ते कुणाला दाखवत नसत आणि फेकतही नसत.

मग अमरावतीच्या एका कलामंडळानं छायाचित्रांचं प्रदर्शन ठरवलं. भाऊंना पत्र आलं. साधं छापील पत्र होतं, सगळ्या फोटोवाल्यांना गेलेलं, पण भाऊंनी ते काचेखाली ठेवलं. वकील भावांनी कधी त्यांच्या दुकानाची पायरी चढलेली नव्हती. भाऊ मला म्हणाले, "अमरावतीले लावतो तो पांढरा. घरट्यावरचा, पिल्लांसंगचा. नाई तं काईच नाई लावत." इतकी वर्षं जे मिळालं नाही ते मुदतीत कसं मिळणार, असं मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही.

मेच्या शेवटी अकोटहून निरोप आला, घरटं सापडलं. भाऊंची बहीण अकोटला दिलेली होती, मुक्काम तिच्या घरी, म्हणून माझ्या आईनं मला सोडलं. प्लेटा सांभाळायला आणि काळ्या पिशवीत हात घालून त्या बदलायला भाऊंना माणूस हवं होतं. एसटीनं अकोट, तिथून बैलगाडीनं नाल्यापर्यंत.

करंजाच्या झाडावर, हात उंच केला तर पोचेल एवढ्यावर, वाटीएवढं घरटं. आत तीन पिल्लं, अंगावर अजून पिसं नाहीत, नुसती कातडी. वर करंजाच्या पानांचं छप्पर. मादी बसलेली होती. भाऊंनी तिपाई लावली, कॅमेऱ्याला लांब रबरी नळी जोडली. नळीच्या टोकाला रबरी फुगा. तो लांबून दाबला की कॅमेऱ्याचं झाकण उघडतं. नळी आडोशाला बांधलेल्या तरटाच्या लपणीपर्यंत नेली. मला त्यांनी नाल्याच्या वळणावर, सावलीत, प्लेटांच्या पेटीजवळ बसवलं. हे सगळं नेहमीसारखं होतं. नेहमी ते असं सारं लावून दोन-दोन, तीन-तीन दिवस नुसते बसायचे. पाखराला कॅमेऱ्याची सवय होऊ द्यायचे. कावळ्यालासुद्धा त्यांनी कधी हात उगारलेला मी पाहिला नव्हता.

मी पाणी भरायला खाली गेले. झिऱ्यात पाणी कमी, त्यामुळे कळशी भरायला वेळ लागला. वर आले तर करंजाखाली हिरव्या डहाळ्यांचा ढीग पडलेला. भाऊंच्या हातात बागेची कातर. घरट्यावरचं छप्पर गेलं होतं आणि ऊन सरळ वाटीत पडत होतं. अकोटचं मेमधलं ऊन; दगडावर पाय ठेवला तर चटका बसेल असं.

मी म्हटलं, "भाऊ, हे काय करून राहिले तुमी?"

"उजेड नव्हता," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

"अवो, पन पिल्लं..."

"एक प्लेट. एकच. मंग बांधून देतो डहाया परत."

मादी परत येऊन बसली. दोन्ही पंख पसरून, चोच उघडी टाकून धापा टाकत. तिच्या पंखांखाली जेवढी सावली होती तेवढीच आता त्या झाडावर पिल्लांपुरती उरली होती. भाऊ लपणीत गेले. नर लांबच्या फांदीवर, चोचीत चतुर किडा धरून, या डहाळीवरून त्या डहाळीवर करत होता. मादी उठत नव्हती, तो येत नव्हता. मग लपणीतून भाऊ बाहेर आले. वाकले. मातीचं ढेकूळ उचललं आणि मादीवर फेकलं.

मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. ती उडाली, फिरून आली, पुन्हा पंख पसरून बसली. भाऊंनी दुसरं ढेकूळ फेकलं.

"भाऊ! थे सावली धरून बसली हाय!"

"मले दिसते," ते म्हणाले.

"मंग?"

"मंग काई नाई. तुमी तिकडे बसा."

मी बसले नाही. पेटीजवळची छत्री घेतली आणि निघाले. पण नाल्याच्या वळणापासून झाडापर्यंत जायचं म्हणजे मधली दरड उतरून पुन्हा चढायची. मी खाली असताना वरून झाकणाचा खट् आवाज ऐकला. वर चढले तेव्हा भाऊ कॅमेऱ्याशी होते आणि त्यांचा चेहरा मी तोवर कधी पाहिला नव्हता इतका आनंदी होता. "आला, बाई! घरट्यावर उभा राहिला! पुरा आला, फितीसकट!"

मी त्यांच्या बाजूनं हात वर करून घरट्यावर छत्री धरली. टाचा उंचावून आत पाहिलं. तिन्ही पिल्लांच्या माना वाटीच्या काठावरून बाहेर लोंबत होत्या. मी एकीला बोटानं हात लावला. गरम होती, उन्हानं तापलेल्या भांड्यासारखी. हलली नाही.

"भाऊ, मेली हायेत हे."

ते आले. त्यांनीही बोट लावून पाहिलं. तिघांनाही. मग खाली बसून कापलेल्या डहाळ्या गोळा करायला लागले आणि एक-एक करून सुतळीनं झाडाला बांधायला लागले. मी म्हटलं आता कशाला. त्यांनी सगळ्या बांधल्या. आम्ही लांब गेल्यावर नर परत आला, चोचीत नवा चतुर. तो त्यानं पिल्लांच्या तोंडाशी नेला, थांबला, पुन्हा नेला. मग स्वतःच गिळला आणि गेला. मादी आली नाही. गाडीत आणि एसटीत मी प्लेटांची पेटी आमच्या दोघांच्या मधे ठेवली. मला त्या माणसाशेजारी बसणं नको झालं होतं.

प्लेट धुतली. असा फोटो मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. पांढऱ्या पिसाची काडी न् काडी, दोन फिती हवेत वळलेल्या, चोचीत चतुराचे जाळीदार पंख. आणि वाटीच्या काठावर तीन माना. प्लेट घेतली तेव्हाच सगळं आटोपलेलं होतं.

भाऊंनी मोठा प्रिंट माझ्या टेबलावर ठेवला. शेजारी माझा ब्रश, माझा चाकू ठेवला. "बाई," ते म्हणाले, "माना वर करा. चोची उघडा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"पाखराले पेन्सिल नाई, भाऊ."

"मले सांगता? मले मालूम हाय. या वेळेस लावा. मयताचे नाई का उघडत तुमी डोये?"

"मयताच्या घरचे सांगते आपल्याले," मी म्हटलं. "इथं कोन सांगून राहिलं?"

ते उभेच राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, उद्यापासून येऊ नका. मी मनात हिशेबही करून टाकला, की मुलींच्या शाळेत शिवणाच्या बाईंची जागा रिकामी आहे, तिथं विचारावं. तेवढ्यात एक मयताचं गिऱ्हाईक आलं आणि भाऊ कॅमेरा उचलून त्याच्यामागे निघून गेले.

रात्रीतून त्यांनी स्वतःच केलं असणार, अशा खात्रीनं मी सकाळी गेले. तसे ते हाताचे माझ्याहून चांगले होते. प्रिंट पुठ्ठ्यावर चढवून ठेवला होता. मी भिंग घेऊन काठापासून काठापर्यंत पाहिला. कुठे एक टिंब नव्हतं. माना तशाच लोंबत होत्या. खाली पक्ष्याचं नाव आणि 'अकोट', एवढंच. मी म्हटलं, "हा लावता?" ते म्हणाले, "हा लावतो. ज्याले दिसंन त्याले दिसंन."

आम्ही अमरावतीला गेलो ते बक्षीस समारंभाच्या दिवशी. मंडळाच्या सभागृहात खूप गर्दी. आमच्या फोटोला पहिलं बक्षीस लागलं होतं, समोर माणसं दाटीनं उभी होती. मी पुढे घुसले. मंडळवाल्यांनी भाऊंच्या चिठ्ठीवर स्वतःची सुंदर अक्षरातली चिठ्ठी लावली होती: 'उठा बाळांनो, बाबा आले!'

माझ्या शेजारची एक बाई आपल्या पोराला उचलून दाखवत होती, "पाय, पाय, कशी निजली हायेत!"

अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी पुणेरी मराठीत पितृवात्सल्यावर पुष्कळ सांगितलं, झोपलेल्या बालकांच्या निर्धास्त विश्वासावर सांगितलं, आणि भाऊंना पुढे बोलावलं. त्यांचे सर्वांत थोरले वकील भाऊ पहिल्या रांगेत बसलेले होते. बातमी कळून खास आले होते. भाऊ चहाच्या रंगाच्या शर्टात पुढे गेले, बक्षिसाचा कप घेतला नाही.

"साहेब, थे निजली नाईत," ते म्हणाले. "मेली हायेत."

हसू फुटलं. लोकांना वाटलं गंमत करतायत.

"मी मारली. उजेड पायजे होता म्हनून डहाया कापल्या. मादी पंख पसरून बसली होती, तिले ढेकलं मारून उडवलं. उन्हानं मेली. मंग हा फोटो निंगाला."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "असं पहा," ते म्हणाले, "निसर्गात हे चालायचंच."

"निसर्ग नाई जी. मी."

थोरले वकील भाऊ उठून मधल्या वाटेनं निघून गेले. त्या बाईनं पोराचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं. मंडळाचे चिटणीस घाईनं म्हणाले, परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो, आता सर्वांनी चहा घ्यावा. आणि लोक खरंच चहाकडे वळले. त्यांनी बक्षीस काढून घेतलं नाही. चिठ्ठीसुद्धा काढली नाही. कप भाऊ घेईनात म्हणून कुणीतरी तो माझ्या हातात कोंबला.

आम्ही दाराशी चपला शोधत होतो, तर एक तरुण दातांचे डॉक्टर आले. गळ्यात नवा कोरा परदेशी कॅमेरा. सगळं भाषण त्यांनी पहिल्या रांगेच्या मागे उभं राहून ऐकलेलं मी पाहिलं होतं. मला वाटलं, दोन शब्द सुनावतील, आणि सुनावायलाच हवे होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "भाऊसाहेब, फांद्या घरट्यापासून किती अंतरावर कापल्या? आणि मादी उडवल्यावर नर साधारण किती वेळात येतो?"

मला वाटलं, कप त्यांच्या डोक्यात घालावा. भाऊ वाकून चपला शोधत राहिले. कॅमेऱ्याबद्दल कुणी काही विचारलं आणि भाऊ बोलले नाहीत, असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही होतात ना सोबत? ही जोडी दरसाल त्याच झाडावर येते म्हणतात. नाला कोणता?"

"झाड तोडलं," मी म्हटलं. "सरपनवाल्यानं. बुंध्यापासून."

"अरेरे," डॉक्टर म्हणाले, आणि चहाकडे गेले.

परतीची एसटी मूर्तिजापूरला थांबेपर्यंत भाऊ खिडकीबाहेर बघत होते. मी कप रुमालात बांधून मांडीवर घेतला होता. चांदीचा नव्हता, मुलामा होता, मी नखानं पाहिलं. मग ते एकाएकी म्हणाले, "झाड तं उभं हाय."

"हाव."

"म्हंजे थो डॉक्टर आता जात नाई तिथं."

"नाई जात."

बस सुटली. ते म्हणाले, "मी बी नाई."